फ्लशची टाकी सारखी वाहतेय? आधी पेन्सिल घ्या, पान्हा नंतर

रात्री घर शांत झालं की संडासातून सर्रर्र असा बारीक आवाज येतो बघा, दिवसभर तो चालूच असतो पण आपण ऐकून न ऐकल्यासारखं करतो. आमच्याकडे तर वेगळीच गंमत होती, दर पाऊण-एक तासाने टाकी आपोआप भरायला लागायची, पंधरा-वीस सेकंद पाणी यायचं आणि मग गप्प. आई सकाळी विचारायची, "रात्री कोण एवढ्या वेळा उठत होतं रे, पोट बिघडलंय का कुणाचं?" कुणीच उठलं नव्हतं. मी लगेच हुशारी केली, नवा इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीत पाणी आत घेणारा भाग, आणला, अख्खी सकाळ घालवून बसवला, बोटं सोलून घेतली, आणि त्याच रात्री टाकी परत आपली आपण भरली. बिघाड त्या बाजूला नव्हताच मुळी. जुना व्हॉल्व्ह चांगला होता, तो मी काढून फेकला होता.

म्हणून सांगतो, पान्हा हातात घ्यायच्या आधी एकच गोष्ट नक्की करा, पाणी आत यायचं थांबत नाहीये की आत आलेलं पाणी खाली गळतंय? दोन्हीत शेवटी पॉटमध्ये पाणी वाहताना दिसतं, आवाजही जवळपास सारखाच, पण दुरुस्ती अगदी वेगळी.

टाकीचं झाकण काढा. बटण वर असेल तर बहुतेक वेळा बटणाभोवतीची रिंग डावीकडे फिरवली की ती सुटते आणि मग झाकण उचलता येतं, काहींमध्ये बटणाची एक बाजू दाबली की दुसरी वर येते आणि आत स्क्रू दिसतो. झाकण चिनी मातीचं असेल तर ते कमोडच्या सीटवर किंवा बेसिनच्या कडेवर अजिबात ठेवू नका, सरळ जमिनीवर जुना टॉवेल टाकून त्यावर आडवं ठेवा, ते फुटलं तर नुसतं झाकण त्याच मापाचं मिळणं म्हणजे मोठी शोधाशोध. आणि हो, टाकीतलं पाणी नळाचंच असतं, अजून पॉटमध्ये गेलेलं नसतं, त्यामुळे हात घालायला घाण वाटून घेऊ नका. फक्त टाकीत निळी गोळी वगैरे टाकत असाल तर हातमोजे घाला.

आत बघितलं की दोनच मुख्य भाग दिसतील. एका बाजूला उभा दांडा, त्याच्यावर किंवा त्याच्या हाताला फुगा नाहीतर डबीसारखा फ्लोट, हा इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत घेणारा. पाणी चढलं की फ्लोट चढतो आणि व्हॉल्व्ह बंद करतो, एवढंच त्याचं काम. मधोमध दुसरा भाग, तो फ्लश व्हॉल्व्ह, त्याच्या बुडाशी रबरी वायसर किंवा रबरी झाकण असतं आणि ते टाकीचं भोक बंद ठेवतं, आपण बटण दाबलं की ते वर उचललं जातं. याच मधल्या भागाला एक उघड्या तोंडाची उभी नळी असते, ती ओव्हरफ्लो. टाकी जास्त भरली तर जादा पाणी त्या नळीतून पॉटमध्ये जावं, बाहेर फरशीवर सांडू नये म्हणून ती असते. ही नळी फार उपयोगाची आहे, निम्मं निदान तिथेच होतं.

आता आधी एक फुकटची परीक्षा. झाकण काढल्याबरोबर आवाज बंद झाला का? झाला असेल तर व्हॉल्व्ह-बिव्हॉल्व्ह सोडा, दोष बटणाचा आहे, बटणाखालच्या दांड्या लांब झाल्यात आणि झाकण बसलं की त्या फ्लश व्हॉल्व्हला सतत थोडंसं दाबून ठेवतायत. पुढे सांगतो.

आवाज चालूच असेल तर ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाकडे बघा. पाणी तिच्या काठावरून आत पडतंय? मग इनलेट व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. पाणी काठाच्या बरंच खाली आहे आणि तरी पॉटमध्ये वाहतंय, तर खालचं रबर गळतंय. बहुतेकांना इथेच उत्तर मिळतं. पण बारीक गळती असली की डोळ्यांना काही कळत नाही, तिथे पेन्सिल.

टाकी पूर्ण भरू द्या, पाण्याच्या पातळीला टाकीच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि मग भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या नळीचा छोटा नळ, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की बंद होतो. वर्षानुवर्षं हात न लावलेला कॉक घट्ट झालेला असतो, त्याच्याशी मारामारी करू नका, हळूहळू पुढे-मागे करत फिरवा, नाहीच फिरला तर घराचा मुख्य कॉक बंद करा पण याला पक्कड लावून पिळू नका, भिंतीतून मोडला तर मग खरा रविवार सुरू होतो. कॉक बंद करून अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. घरात सांगून ठेवा बरं का, माझी पहिली परीक्षा बाबांनी दहाव्या मिनिटाला बटण दाबून संपवली होती.

अर्ध्या तासाने बघायचं. पाणी रेघेवरच आहे तर खालचं रबर ठणठणीत आहे, गडबड इनलेटमध्ये. पाणी उतरलंय तर खालून गळतंय. उतरून एका ठराविक उंचीला थांबलंय आणि पुढे तासाभरातही हलत नाहीये, तर तेवढ्या उंचीवर ओव्हरफ्लो नळीला चीर किंवा जोडात फट असायची शक्यता धरा. शंका राहिलीच तर कॉक बंद असतानाच टाकीत शाईचे किंवा खायच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटांनी पॉटमध्ये बघा, खाली रंग उतरला म्हणजे गळती पक्की. कॉक बंद ठेवूनच हे करा, नाहीतर रंग ओव्हरफ्लोमधून जातो आणि आपण उगाच रबराला दोष देतो.

किती पाणी जातंय तेही या रेघेवरून निघतं. टाकी आतून साधारण 35 सेंटिमीटर लांब आणि 15 सेंटिमीटर रुंद धरली तर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे अर्धा लिटरच्या थोडं वर. अर्ध्या तासात दोन सेंटिमीटर उतरलं म्हणजे एक लिटर गेलं, दिवसाचे झाले 48-50 लिटर, आणि ही ती गळती जिचा आवाजसुद्धा येत नाही. आवाज येणारी धार मोजली तर आकडा कुठल्या कुठे जातो, पाच मिनिटांत एक लिटर जाणारी धार दिवसाला 288 लिटर नेते. फुल फ्लश सहा लिटरचा धरला तर 48 वेळा फ्लश करण्याइतकं पाणी, कुणी आत न जाता.

आधी इनलेटची बाजू घेऊ, कारण तिथे बऱ्याचदा काही विकत आणावंच लागत नाही. पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली थांबायला हवी. ती वर जात असेल तर फ्लोट खाली आणा. जुन्या पद्धतीचा लांब दांडी आणि गोल फुगा असेल तर दांडीच्या मुळाशी स्क्रू असतो तो फिरवा, पितळी दांडी असेल तर अगदी थोडी खाली वाकवली तरी चालते. नव्या प्लास्टिकच्या व्हॉल्व्हमध्ये फ्लोटच्या बाजूला उभा लांब स्क्रू असतो किंवा चिमटीत दाबून सरकवायची क्लिप असते. थोडं फिरवा, फ्लश करा, भरू द्या, बघा, परत थोडं. एकदम दहा वेढे दिले तर पाणी कमी पडतं आणि मग दोनदा फ्लश करायची वेळ येते, म्हणजे वाचवलं काय!

फुगा हातात घेऊन हलवून बघा, आत पाणी खळखळलं तर त्याला भोक पडलंय, तो बदलायचा. फ्लोट टाकीच्या भिंतीला किंवा मधल्या व्हॉल्व्हला घासतोय का तेही बघा, घासत असेल तर वर येताना अडकतो आणि पाणी बंदच होत नाही. आणखी एक चोर म्हणजे इनलेटमधून निघून ओव्हरफ्लोमध्ये जाणारी बारीक नळी, सगळ्या टाक्यांना नसते पण असेल तर तिचं टोक ओव्हरफ्लोच्या तोंडावर क्लिपने टांगलेलं हवं. कुणीतरी ती आत खोलवर खुपसून ठेवलेली असते, टोक पाण्याच्या पातळीखाली गेलं की ती टाकीतलं पाणी ओढून खाली सोडत बसते. वर काढा, लागलं तर कापून आखूड करा, झालं.

हे सगळं ठीक आहे, फ्लोट हाताने वर उचलून धरला तरी पाणी येतच राहतंय, तर व्हॉल्व्हच्या डोक्यात कचरा आहे किंवा आतलं वायसर गेलंय. गच्चीवरची पाण्याची टाकी साफ केल्यावर किंवा पाइपलाइनचं काम झाल्यावर हे हमखास होतं, वाळूचा एक कण पुरतो. अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, व्हॉल्व्हचं वरचं टोपण उघडा, काहींना स्क्रू असतात, काहींमध्ये टोपण थोडंसं डावीकडे फिरवून वर उचललं की निघतं. उघडताना मोबाइलवर फोटो काढत जा, बारीक पिना कुठून निघाल्या ते नंतर आठवत नाही. आत पातळ रबरी चकती असते, तिला बारीक भोक असतं आणि त्यातून पिन गेलेली असते. हे भोक बुजलं तरी व्हॉल्व्ह बंद होत नाही कारण चकतीला मागून दाबायला जे पाणी लागतं ते तिथून जातं. चकती धुवा, भोक मोकळं करा, चीर असेल किंवा मधे खोल वळ उठला असेल तर चकती बदला. टोपण लावायच्या आधी उघड्या व्हॉल्व्हवर एक ग्लास उलटा धरा आणि कॉक दोन-तीन सेकंद उघडा, आतली वाळू बाहेर येईल. ग्लास धरायला विसरलात तर छतापर्यंत कारंजं उडतं, हे मी अनुभवाने सांगतोय, फार तपशिलात जात नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी, जिथे बाहेरची नळी जोडलेली असते तिथे बारीक जाळीही असते, तीसुद्धा काढून धुवा.

फक्त रात्री किंवा पहाटेच वाहत असेल तर दाबाचा विचार करा. वापर कमी असला की लाइनमध्ये दाब वाढतो आणि म्हातारा झालेला व्हॉल्व्ह तेव्हाच सोडतो, दिवसा तपासलं तर सगळं छान दिसतं. झोपायच्या आधी रेघ मारून ठेवायची, कॉक मात्र उघडाच, आणि पहाटे बघायचं पाणी रेघेच्या वर गेलंय का.

आता गळणारी बाजू, आमच्याकडे हीच होती. दर पाऊण तासाने आपोआप भरणं म्हणजे खालून हळूहळू पाणी उतरतंय, फ्लोट पुरेसा खाली आला की व्हॉल्व्ह उघडतो, भरतो, बंद होतो, त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हचा काही दोष नाही. कॉक बंद करा, फ्लश करा, बुडाचं उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. मधला फ्लश व्हॉल्व्ह उभ्या डब्यासारखा असेल तर दोन्ही हातांनी धरून साधारण पाव वेढा फिरवला की तो खालच्या बैठकीतून सुटतो, जोर लावायचा पण हिसका नाही द्यायचा, एखादी नळी किंवा केबल जोडलेली असेल तर ती आधी सोडवा. डबा उलटा केला की बुडाला रबरी वायसर दिसतं. त्यावरून बोट फिरवा. आमच्या वायसरवर पांढऱ्या क्षारांचा खरखरीत थर होता, नखाने खरवडला की निघत होता, आणि एका ठिकाणी तांदळाएवढा खडा चिकटला होता. एवढ्या खड्यासाठी मी नवा इनलेट व्हॉल्व्ह बसवला होता!

वायसर काढून कोमट पाण्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास ठेवलं, मऊ फडक्याने पुसलं. तसंच टाकीतली बैठक, म्हणजे वायसर ज्या गोल कडेवर टेकतं ती कड, तीही बोटाने चाचपून साफ करा, लोक हे विसरतात आणि नवं वायसर घालूनही गळती तशीच राहते. सँडपेपर किंवा लोखंडी घासणी वापरू नका, ओरखडा पडला की पाण्याला कायमची वाट झाली. पॉट साफ करायचं ब्लीच आणि हे आंबट द्रावण एकत्र कधीच करायचं नाही, विषारी वायू तयार होतो. वायसर दोन्ही बाजूंनी सपाट आणि सारखं असेल तर नवं मिळेपर्यंत उलटं करून बसवता येतं, आमचं तसं केलेलं वर्षभर चाललं. पण रबर फुगलंय, वाकडं झालंय किंवा बोटाला काळं लागतंय तर उगाच जीव लावू नका, बदला. टाकीत सतत पडून असणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या हे रबर लवकर खातात, म्हणून मी त्या बंदच केल्या.

हँडल आणि साखळीवाली टाकी असेल तर बुडाशी रबरी झडप असते. साखळी फार ताणलेली असेल तर झडप नीट टेकत नाही, फार सैल असेल तर तीच साखळी झडपेखाली अडकते, साधारण एक सेंटिमीटरची ढील पुरे. नवी झडप आणताना जुनी सोबत न्या, भोक दोन इंची आणि तीन इंची अशा दोन्ही मापांत असतं आणि नुसतं बघून अंदाज चुकतो. वायसरचंही तेच, जुनं खिशात घालूनच निघा, "साधं असतं ना ते" असं म्हणून आणलेलं कधीच बसत नाही.

बटणाचं राहिलं होतं. दोन बटणांच्या फ्लशमध्ये झाकणाखालून दोन दांड्या खाली येतात आणि व्हॉल्व्हच्या दोन पट्ट्यांना दाबतात. बटण दाबलेलं नसताना दांडी आणि पट्टी यांच्यात दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी. दांड्यांना आटे असतात, फिरवून आखूड करता येतात. बटण दाबल्यावर आतच अडकत असेल तर बहुतेक वेळा त्याच्या कडेला साबण आणि क्षार साठलेले असतात, काढून धुतलं की मोकळं होतं. टाकी भिंतीच्या आत लपवलेली असेल तर घाबरू नका, भाग तेच असतात, फक्त सगळं काम बटणाच्या पट्टीमागच्या खिडकीतून करायचं. पट्टी थोडी वर सरकवून किंवा पुढे ओढून निघते, आत छोटा कॉकही असतो, पण जागा एवढीच की एक हात आत गेला की दुसरा बाहेर. तिथे मी घाई करणाऱ्या माणसाला हात घालू देणार नाही, एखादा स्क्रू भिंतीच्या आत पडला की गेला.

इनलेट व्हॉल्व्ह खरंच बदलायचा असेल तर, म्हणजे परीक्षा करून ठरलं असेल तर, माझ्यासारखं नाही. जुना व्हॉल्व्ह बाजूने आत आलाय की खालून, आणि उंची किती, एवढं बघून तसाच आणा. कॉक बंद, टाकी रिकामी, खाली बादली, बाहेरची नळी सोडवा, मग टाकीखालचा प्लास्टिकचा नट सोडवा, तेव्हा आतला व्हॉल्व्ह एका हाताने धरून ठेवा नाहीतर तोही गोल फिरत बसतो. नवा बसवताना जाड रबरी वायसर टाकीच्या आत आणि नट बाहेर. नट हाताने घट्ट करून मग पान्ह्याने फारतर पाव वेढा. इथे वायसर पाणी अडवतं, आटे नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहा वेढे गुंडाळून काही मिळत नाही, उलट आटे वाकडे चढतात. जोरात पिळलं तर टाकीलाच तडा जातो.

मग कॉक हळूहळू उघडा, खालच्या नटाला कोरडा टिश्यू पेपर लावून बघा ओला होतोय का, डोळ्यांना न दिसणारा थेंब कागदाला लगेच दिसतो. ओला झाला तर अजून थोडासा आवळा, अगदी थोडासा. टाकी भरली की पातळी ओव्हरफ्लोच्या दोन-अडीच सेंटिमीटर खाली आणा, नवी रेघ मारा, कॉक परत अर्धा तास बंद ठेवा. यावेळी बाबांना मी आधीच सांगितलं होतं आणि दारावर कागदही चिकटवला होता, तरी ते दोनदा विचारून गेले, "झालं का?"